चित्र चौपट स्पष्ट, वाट मात्र अरुंद

स्वतंत्र चित्रपटकारांना अतिउच्च सुस्पष्टतेचा कॅमेरा मिळाला. पण झाडीपट्टीतील चित्रपट त्याच दर्जात प्रेक्षकांपर्यंत पोहोचायचा, तर तो घराघरांत नव्हे, तालुक्याच्या सभागृहात आधी उतरावा लागेल

तिरोडा, खास प्रतिनिधी : चित्रपट काढायचा म्हटले की पूर्वी पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा असे. मुंबईहून कॅमेरा भाड्याने आणायचा, फिल्मची रिळे मोजून वापरायची आणि ती धुण्यासाठी पुन्हा मुंबईलाच पाठवायची, एवढ्यातच हौशी दिग्दर्शकाचे भांडवल संपून जाई. हा प्रश्न आता जवळजवळ निकालात निघाला आहे. पूर्ण एचडीच्या चौपट तपशील टिपणारे, 'फोर के' किंवा अतिउच्च सुस्पष्टतेचे चित्रण आज चांगल्या मोबाइल फोनवरही करता येते. संकलनाचे काम घरच्या संगणकावर होते आणि रंगसंस्काराचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. धानाची कापणी उरकल्यावर गोंदिया जिल्ह्यातील चार मित्रांनी मिळून चित्रपट काढायचे ठरविले, तर तंत्राच्या अभावी ते अडून राहतील, अशी स्थिती आता उरलेली नाही.

अडचण त्यानंतर सुरू होते. तयार झालेला चित्रपट ज्या दर्जात चित्रित झाला त्याच दर्जात प्रेक्षकांपर्यंत न्यायचा कसा आणि त्याचे पैसे वसूल करायचे कसे, हा प्रश्न आजही तितकाच अवघड आहे. महाजालामुळे मधला वितरक नाहीसा होईल आणि कलावंत व प्रेक्षक थेट समोरासमोर येतील, असे गेली दोन दशके सांगितले जात आहे. ते किती खरे ठरले, हे तपासण्यासाठी मुंबईपेक्षा तिरोड्यासारखे ठिकाण अधिक उपयोगी आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील या तालुक्याच्या गावात ३,३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. येथील वीज ७६५ केव्हीच्या वाहिन्यांवरून कोराडी, अकोला करीत थेट मराठवाड्यापर्यंत जाते. विजेसाठी इतका रुंद मार्ग असलेल्या या गावातून एखादा चित्रपट बाहेर पाठवायचा असेल, तर कोणती वाट उपलब्ध आहे, याचा हिशेब उद्बोधक ठरावा.

कॅमेऱ्याचे लोकशाहीकरण

अतिउच्च सुस्पष्टता म्हणजे आडव्या ३,८४० आणि उभ्या २,१६० बिंदूंचे चित्र. एका चौकटीत सुमारे ८३ लाख बिंदू मावतात. पूर्ण एचडी चित्रात हीच संख्या सुमारे २१ लाख असते. चित्रपटगृहांसाठी ठरविलेल्या 'फोर के' प्रमाणात आडवी रुंदी थोडी अधिक, म्हणजे ४,०९६ बिंदूंची आहे. व्यवहारात दोन्हींना एकच नाव दिले जाते.

अमेरिकेतील 'रेड' या कंपनीने २००७ मध्ये साडेसतरा हजार डॉलर किमतीचा 'रेड वन' कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा स्वतंत्र चित्रपटकारांना प्रथमच ही सुस्पष्टता आवाक्यात आल्यासारखी वाटली. २०१४ मध्ये पॅनासॉनिकने हातात मावणाऱ्या 'जीएच फोर' कॅमेऱ्यात ती आणली. २०१८ मध्ये 'ब्लॅकमॅजिक' कंपनीचा याच सुस्पष्टतेचा खिशात मावेल असा सिनेकॅमेरा १,२९५ डॉलरना मिळू लागला. दरम्यान, २०१५ च्या सनडान्स महोत्सवात शॉन बेकर यांचा 'टँजरिन' हा आयफोनवर चित्रित केलेला चित्रपट दाखविला गेला आणि फोनवरच्या चित्रीकरणाला प्रतिष्ठाही लाभली.

विदर्भाच्या पूर्व टोकाला या बदलाचे महत्त्व विशेष आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत कथा आहेत, बोली आहे, अभिनेते आहेत. जंगल, तलाव आणि नद्यांचे रूप तर असे की, बाहेरचे चित्रपटकारही या टापूकडे वळतात. गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील जंगलात अमित मसुरकर यांनी 'शेरनी'चे चित्रीकरण केले आणि जून २०२१ मध्ये तो थेट अॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर प्रदर्शित झाला. मोठी निर्मिती संस्था, विद्या बालन यांच्यासारखी नामवंत अभिनेत्री आणि आधीच ठरलेला मंच अशी तिन्ही अनुकूलता त्या चित्रपटाला होती. स्थानिक चित्रपटकाराकडे यांपैकी काहीच नसते.

एका चित्रपटाचे वजन

समजा, तिरोड्यातील एका दिग्दर्शकाने दोन तासांचा चित्रपट पूर्ण केला आहे. संकलनानंतरची मूळ प्रत व्यावसायिक दर्जाच्या 'प्रोरेस ४२२ एचक्यू' या स्वरूपात काढली, तर अतिउच्च सुस्पष्टतेत ती तासाला सुमारे ३१८ जीबी, म्हणजे दोन तासांना ६३६ जीबी भरते. घरच्या जोडणीचा चित्रफीत वर चढविण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर एवढी प्रत पाठविण्यास जवळजवळ सहा दिवस लागतील. तेही वीज आणि जोडणी एकदाही खंडित झाली नाही तर. वेग ५० मेगाबिट असला, तरी २८ तास हवेत.

अर्थात, प्रत्येक ठिकाणी एवढी अवजड प्रत पाठवावी लागत नाही. यूट्यूबने या दर्जासाठी सुचविलेला दर सेकंदाला ३५ ते ४५ मेगाबिट आहे. त्यानुसार आकुंचित केलेला दोन तासांचा चित्रपट ४० जीबीच्या आसपास होतो आणि १० मेगाबिटच्या जोडणीवरून नऊ तासांत, म्हणजे एका रात्रीत वर चढतो. मात्र, मोठे सशुल्क मंच मूळ दर्जाचीच प्रत मागतात. त्यामुळे चित्रपट घेऊन मुंबई किंवा नागपूर गाठणे आणि हार्ड डिस्क हातोहात पोहोचविणे हाच अनेकदा अधिक वेगवान 'ऑनलाइन' मार्ग ठरतो. रेल्वेने नागपूरला जाण्यास काही तास पुरतात. जोडणीला दिवस लागतात.

सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेली आणि २०१५ मध्ये 'भारतनेट' असे नाव दिलेली प्रकाशतंतू योजना हा प्रश्न सोडविण्यासाठीच होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा सुधारित आराखडा १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्य झाला. या योजनेचा विचार मुख्यतः माहिती 'खाली' आणण्याच्या, म्हणजे पाहण्याच्या, शिकण्याच्या आणि दाखले मिळविण्याच्या अंगाने होतो. ग्रामीण भागातून काही तयार होऊन 'वर' जाईल, ही शक्यता धोरणकर्त्यांच्या बोलण्यात क्वचितच येते. चित्रपटकाराला मात्र नेमका तोच वेग हवा असतो.

प्रेक्षकाच्या हाती काय पडते?

दुसरी बाजू प्रेक्षकाची. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाइलवरील माहितीचे दर कोसळले. खेड्यापाड्यांत चित्रफिती पाहण्याचे प्रमाण त्यानंतर वाढले, यात शंका नाही. परंतु अतिउच्च सुस्पष्टतेचा चित्रपट पाहण्यासाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचा स्थिर वेग आवश्यक मानते आणि त्यात तासाला सुमारे सात जीबी खर्च होतात. दोन तासांच्या चित्रपटाला १४ जीबी. दिवसाला दीड जीबी देणाऱ्या मोबाइल योजनेतील ही नऊ दिवसांची शिदोरी झाली.

ज्याच्या घरी प्रकाशतंतूची जोडणी आहे, त्याला एवढी चणचण भासत नाही. पण त्यालाही मोठा, या सुस्पष्टतेचा दूरचित्रवाणी संच हवा आणि मंचाची सर्वांत महाग वर्गणी हवी. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील दर कमी केले, तेव्हा केवळ मोबाइलवर पाहण्याची योजना १४९ रुपयांची आणि अतिउच्च सुस्पष्टतेची योजना ६४९ रुपयांची ठेवली. स्वस्त योजनेत चित्राच्या आडव्या रेषा ४८० वरच थांबतात. शिवाय, चोरी रोखण्यासाठी मंच वापरीत असलेली सुरक्षा प्रणाली कमी किमतीच्या अनेक फोनवर निम्न स्तरावर चालते आणि अशा फोनवर पूर्ण एचडी चित्रसुद्धा दिसत नाही.

तेव्हा ८३ लाख बिंदूंनी रेखलेले नवेगावबांधचे पाणी बहुसंख्य प्रेक्षक पाच-सहा इंचांच्या काचेवर आणि मूळ तपशिलाच्या अगदी लहान अंशात पाहतात. तरीही हे चित्रण वाया जाते, असे म्हणता येणार नाही. अधिक तपशिलात टिपलेले चित्र खाली आणले तरी स्वच्छ दिसते. संकलनात चौकट बदलण्यास वाव राहतो. यूट्यूबवर या दर्जात चढविलेल्या चित्रफितीला अधिक कार्यक्षम आकुंचन पद्धती लागू होते, त्यामुळे कमी दर्जात पाहणाऱ्यालाही चित्र थोडे बरे मिळते. २०१३ मधील 'एचईव्हीसी' आणि २०१८ मधील 'एव्ही वन' या पद्धतींनी तोच दर्जा कमी जागेत बसविला आहे. 'एव्ही वन' तर स्वामित्वशुल्काविना वापरता येते. तंत्र या दिशेने पुढे जातच राहील. प्रश्न तंत्राबरोबरच दाराशी उभ्या असलेल्या राखणदारांचाही आहे.

दार उघडे, पण कोणासाठी?

महाजालावर आज स्वतंत्र चित्रपटकारापुढे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला, मोठे वर्गणीदार मंच. नेटफ्लिक्स कोणाकडूनही थेट आलेले प्रस्ताव स्वीकारीत नाही. मान्यताप्राप्त मध्यस्थामार्फतच जावे लागते. स्वतःच्या निर्मितीसाठी तर या मंचाची मान्य कॅमेऱ्यांची यादी आहे आणि 'फोर के' चित्रण ही तिची अट आहे. म्हणजे येथे सुस्पष्टता ही प्रवेशपरीक्षेची किमान पात्रता झाली. तिच्यामुळे प्रवेश मिळतोच असे नाही. अॅमेझॉनने २०१६ मध्ये 'प्राइम व्हिडिओ डायरेक्ट' सुरू करून कोणालाही स्वतः चित्रपट चढविण्याची मुभा दिली होती. प्रारंभी अमेरिकेत प्रेक्षकाने पाहिलेल्या प्रत्येक तासामागे १५ सेंट मिळत. पुढे हे दर घटविण्यात आले आणि २०२१ मध्ये आगंतुक माहितीपट व लघुपट घेणे बंद झाले. ज्यांनी या मंचावर भिस्त ठेवली होती, त्यांना पुन्हा दुसरे दार शोधावे लागले.

दुसरा मार्ग यूट्यूबचा. तेथे प्रवेशाला कोणी अडवीत नाही आणि ही सुस्पष्टता तर २०१० पासून उपलब्ध आहे. जाहिरातींच्या उत्पन्नातील ५५ टक्के वाटा वाहिनीच्या मालकाला मिळतो. त्यासाठी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे दर्शन ही अट आहे. दोन तासांचा चित्रपट दोन हजार जणांनी शेवटपर्यंत पाहिला, तर तासांची अट पूर्ण होते. पण चित्रपटकाराची गत येथे रोज नवे काही देणाऱ्या वाहिन्यांपेक्षा वेगळी असते. दोन वर्षे खपून एक चित्रपट काढणाऱ्याला दर आठवड्याला नवी चित्रफीत देता येत नाही. त्याचा चित्रपट पाककृती, विनोद आणि बातम्यांच्या गर्दीत उभा राहतो आणि जाहिरातीचा दर कथेच्या गुणवत्तेशी बांधलेला नसतो.

तिसरा मार्ग प्रत्येक दर्शनाचे पैसे घेण्याचा. 'व्हिमिओ'ने २०१३ मध्ये मागणीनुसार दर्शनाची सोय सुरू केली आणि उत्पन्नाचा ९० टक्के वाटा चित्रपटकाराला देऊ केला. मराठीत 'प्लॅनेट मराठी'ने जून २०२१ मध्ये सुहृद गोडबोले व वैभव खिस्ती दिग्दर्शित 'जून' हा चित्रपट याच रीतीने, तिकीट लावून प्रदर्शित केला. तत्त्वतः स्वतंत्र चित्रपटकारासाठी हाच मार्ग न्याय्य आहे. पण फोनवरचे बहुतेक काही फुकट किंवा वर्गणीत मिळत असताना एका अनोळखी चित्रपटासाठी वेगळे पैसे मोजण्याची सवय प्रेक्षकाला लागलेली नाही.

महोत्सवाचा शिक्का आणि दीड वर्षाची प्रतीक्षा

या सर्व मार्गांवर एक गोष्ट चित्रपटकाराला हमखास उपयोगी पडते, ती म्हणजे महोत्सवाची मान्यता. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिसला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळवून आला आणि एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर जगभर उपलब्ध झाला. पण पूर्व विदर्भाच्या मातीतून उगवलेल्या चित्रपटांचा अनुभव अधिक बोलका आहे.

छत्रपाल निनावे यांचा गडचिरोलीच्या नक्षलग्रस्त जंगलातील कथा सांगणारा 'घात' फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्लिन महोत्सवात दाखविला गेला; महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत तो सप्टेंबर २०२४ मध्ये आला. जयंत सोमलकर यांनी चंद्रपूर जिल्ह्यात, गावातल्याच माणसांना घेऊन केलेला 'स्थळ' सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात 'नेटपॅक' पुरस्काराचा मानकरी ठरला. येथील प्रेक्षकांना तो ७ मार्च २०२५ रोजी पाहता आला. ठरवून केलेल्या लग्नांतील 'मुलगी पाहण्याच्या' प्रथेवर भाष्य करणारा हा चित्रपट कॅनडातील प्रेक्षकाने चंद्रपूरकरांच्या दीड वर्ष आधी पाहिला. जागतिक मान्यता मिळालेल्यांची ही कथा असेल, तर ज्यांना महोत्सवाचा शिक्का मिळत नाही, त्यांच्या चित्रपटांची रवानगी कपाटातील हार्ड डिस्कमध्ये व्हावी, यात नवल नाही. त्या डिस्कबरोबर कोणाचे शेत गहाण पडलेले असते, तर कोणाच्या वडिलांच्या निवृत्तीची पुंजी अडकलेली असते.

दोन जुने प्रयोग

अतिउच्च सुस्पष्टतेचे चित्रपट स्वतंत्र निर्मात्यांकडून थेट प्रेक्षकाकडे नेण्याचा एक प्रयोग यापूर्वी झाला आहे. 'रेड' कंपनीने डिसेंबर २०१२ मध्ये 'रेडरे' नावाचा, १,४५० डॉलर किमतीचा चित्रवादक जाहीर केला आणि त्याला 'ओडेमॅक्स' या वितरण जाळ्याची जोड दिली. चित्रपटकाराने आपला चित्रपट जाळ्यावर ठेवायचा, प्रेक्षकाच्या किंवा चित्रपटगृहाच्या पेटीत तो कुलूपबंद स्वरूपात आधी उतरायचा आणि मग अडखळत नाही असे दर्शन घडायचे, अशी कल्पना होती. महागडी पेटी घेणारे प्रेक्षक नव्हते, प्रेक्षक नसल्यामुळे चित्रपट आले नाहीत आणि प्रयोग फार काळ टिकला नाही. तो घरगुती बाजारात फसला, पण त्यातील 'आधी उतरवा, मग दाखवा' हे सूत्र चुकीचे नव्हते.

भारतात हेच सूत्र त्याआधीच यशस्वी झाले होते. २००५ पासून 'यूएफओ मूव्हीज'ने उपग्रहामार्फत चित्रपट थेट चित्रपटगृहांतील संगणकात उतरविण्यास सुरुवात केली. रिळांच्या पेट्या मुंबई-पुण्यात आठवडेच्या आठवडे अडकायच्या आणि झिजलेली प्रत तालुक्याच्या गावी यायची, हा क्रम त्यामुळे मोडला. लहान गावातही शुक्रवारीच नवा चित्रपट लागू लागला. मात्र, प्रत्येक पडद्यामागे आकारले जाणारे आभासी प्रत शुल्क निर्मात्याच्या माथी आले आणि लहान मराठी निर्मात्यांना ते जड जाऊ लागले. वाट तयार झाली, पण तिच्यावर जकातनाका बसला.

झाडीपट्टीचे उत्तर

हे सारे लक्षात घेतल्यावर प्रश्नाची मांडणीच बदलावी लागते. अतिउच्च सुस्पष्टतेचे मोल मोठ्या पडद्यावर आहे, पाच इंचांच्या फोनवर नाही. तीनशे प्रेक्षकांनी आपापल्या घरी हा चित्रपट पूर्ण दर्जात पाहिला, तर १४ जीबीप्रमाणे ४,२०० जीबी माहिती तालुक्यात यावी लागेल. तेच तीनशे जण एका सभागृहात बसले, तर ४० जीबींची एक प्रत आदल्या रात्री उतरवून काम भागते. जोडणी मंद असली तरी बिघडत नाही. प्रयोगाच्या वेळी तिची गरजच नसते.

आणि एकत्र बसून, तिकीट काढून पाहण्याची सवय या मुलखाला नव्याने लावावी लागणार नाही. दिवाळीनंतर धान घरात आले की होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम चालतो. मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी मंडप पडतात आणि नाटक रात्रभर रंगते. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या नाट्यसंस्थांचे केंद्र; तेथेच नाटके ठरविली जातात. या रंगभूमीतील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. मनोरंजनाची एवढी साधने घरात आलेली असतानाही येथील प्रेक्षक थंडीत घोंगडी घेऊन मंडपात जातो आणि तिकिटाचे पैसे देतो. तृषांत इंगळे दिग्दर्शित 'झॉलीवूड' या जून २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाने याच रंगभूमीचे जग पडद्यावर आणले होते.

नाटक ठरविण्याची, गावातील मंडळाने जबाबदारी घेण्याची आणि तिकीटविक्रीची ही तयार व्यवस्था झाडीबोलीतील चित्रपटांना का वापरता येऊ नये? नाटकाच्या हंगामात एका सायंकाळी स्थानिक चित्रपटाचा खेळ ठेवता येईल. पडदा आणि चांगला प्रक्षेपक भाड्याने आणता येईल. यात्रेतील तंबूच्या सिनेमाची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. फरक एवढाच की, रिळांच्या पेटीऐवजी प्रत महाजालावरून येईल आणि प्रत्येक खेळाचा हिशेब दिग्दर्शकाला त्याच रात्री कळू शकेल.

यात अडचणी नाहीत असे नाही. सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. केवळ महाजालावर दाखवायचे असेल, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मंचाने स्वतः वर्गवारी केलेली चालते. सभागृहाला किंवा तंबूला स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्यावी लागते. उतरविलेली प्रत कोणी फोडून टेलिग्रामवर टाकली, तर एका रात्रीत चित्रपटाची किंमत शून्य होते. २०२३ च्या चलच्चित्र सुधारणा कायद्याने अशा चोरीसाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला आहे. पण खेड्यातील निर्मात्याने पोलिस ठाण्याच्या किती फेऱ्या मारायच्या, हा प्रश्न उरतोच. काही गोष्टी मात्र अनुकूल झाल्या आहेत. याच कायद्याने प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत काढून ते कायमचे वैध केले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला.

केरळने काय केले?

सार्वजनिक तिकीटखिडकीची कल्पना कागदावरची नाही. केरळ सरकारने ७ मार्च २०२४ रोजी 'सी स्पेस' हा राज्याच्या मालकीचा देशातील पहिला चित्रपट मंच सुरू केला. राज्य चित्रपट विकास महामंडळ तो चालविते. चित्रपटांची निवड कला-संस्कृती क्षेत्रातील जाणकारांचे मंडळ करते. वर्गणी नाही; पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा दर ७५ रुपये ठरविण्यात आला आणि त्यातील निम्मी रक्कम निर्मात्याला देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. केंद्राच्या प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या महोत्सवात 'वेव्हज' हा मंच आणला.

केवळ सरकारी मंच उभारल्याने प्रश्न सुटेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल. वीस लाख रुपयांत केलेला चित्रपट ७५ रुपयांच्या निम्म्या वाट्यावर वसूल व्हायचा, तर त्याला त्रेपन्न हजारांहून अधिक प्रेक्षक मिळावे लागतील. एवढे प्रेक्षक फोनवर जमविणे कठीण आहे. पण त्याच चित्रपटाचे हंगामात शंभर खेळ लागले, प्रत्येकी दोनशे प्रेक्षक आले आणि ५० रुपयांच्या तिकिटातील निम्मा वाटा दिग्दर्शकाला मिळाला, तर पाच लाख रुपये हाती येतात. उरलेली वाट मंच, दूरचित्रवाणी आणि अनुदान यांनी काढायची. असा हिशेब जुळला, तर तो चित्रपटकार किमान दुसरा चित्रपट करण्यासाठी उभा राहू शकतो.

पुढचे पाऊल

महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते. २०१५ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटांना सायंकाळच्या मुख्य वेळेत स्थान द्यावे, असा आग्रहही शासनाने धरला होता. दोन्ही उपाय चित्रपटगृह गृहीत धरून केलेले आहेत. जेथे बहुपडदा चित्रपटगृह पोहोचलेले नाही, तेथे मुख्य वेळेचा नियम कोणाला लागू करायचा, याचे उत्तर त्यात नाही.

गोरेगावच्या चित्रनगरीतील महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाने पुढाकार घेतल्यास तीन गोष्टी फार मोठ्या खर्चाविना होण्यासारख्या आहेत. स्वतंत्र मराठी चित्रपटांच्या मूळ दर्जाच्या प्रती सुरक्षित ठेवणारे आणि परवाना घेतलेल्या सभागृहाला एका खेळापुरती कुलूपबंद प्रत देणारे केंद्रीय भांडार, ही पहिली. प्रत्येक जिल्ह्यात, शासकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा ग्रंथालयात, चित्रपट वर चढविण्यासाठी वेगवान जोडणी असलेली एक खोली, ही दुसरी. सहा दिवसांचे काम तेथे एका दिवसात होईल. नगर परिषदांच्या सभागृहांना अशा खेळांसाठी एकाच अर्जावर परवानगी, ही तिसरी.

यातील कोणत्याही गोष्टीसाठी नव्या शोधाची गरज नाही. उपग्रहावरून प्रत पाठविण्याचे तंत्र वीस वर्षे जुने आहे, मंडपात तिकीट लावण्याची रीत त्याहूनही जुनी. झाडीपट्टीतील माणसाने आपल्याच भाषेत, आपल्याच जंगलाची गोष्ट टिपण्यासाठी उत्तम कॅमेरा मिळविला आहे. ती गोष्ट त्याच्या शेजाऱ्याने टोरांटोतील प्रेक्षकानंतर दीड वर्षाने पाहावी की त्याच हंगामात आपल्या तालुक्याच्या पडद्यावर, याचा निर्णय कॅमेऱ्याच्या बिंदूंवर अवलंबून नाही. तो मुंबईतील कार्यालयांत आणि तालुक्यांच्या नगर परिषदांत व्हायचा आहे. येत्या हंगामासाठी वडशात नाटके ठरविली जातील, तेव्हा एखाद्या मंडळाने एक सायंकाळ चित्रपटासाठी राखून ठेवली, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.